बंद गाडीतली ऊब

कोठावदे साहेबांना कुणी 'काका' म्हटलेलं खपत नसे. आमच्या सोसायटीतले साठी ओलांडलेले झाडून सगळे पुरुष काका होते. हे एकटे साहेब. सातपूरच्या एका कारखान्यात ते खरेदी विभागाचे मॅनेजर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी समोरचा माणूस काहीतरी विकायला आलाय आणि आपण त्याला ताटकळत ठेवलंय, असाच त्यांचा चेहरा असे. नव्या भाडेकरूंच्या मुलीनं एकदा जिन्यात "काका, जरा सरकता का?" म्हटलं. साहेब सरकले नाहीत. "मी कुणाचा काका नाही," म्हणाले, आणि तिथंच उभे राहून त्यांनी तिला तिचं पूर्ण नाव, वडिलांची नोकरी आणि फ्लॅट नंबर विचारला. पोरगी पाण्याची बाटली छातीशी धरून उत्तरं देत होती. मी खालून भाजी घेऊन येत होते, ते सगळं ऐकलं.

नाशिक रोडला मी त्यांच्या घराच्या अगदी खालच्या मजल्यावर राहायचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. वर्गावर आयुष्य गेल्यामुळे माणसं मला सहसा चटकन नावडत नाहीत. साहेब मात्र पहिल्या भेटीत नावडले, आणि पुढे त्यांनी मत बदलायची एकही संधी दिली नाही.

त्यांचं आवडतं वाक्य होतं, "यामागचं सायन्स समजून घ्या." कुकरच्या शिट्टीपासून सोसायटीच्या गळक्या टाकीपर्यंत प्रत्येक गोष्टीमागे त्यांना सायन्स दिसे. टाकी दुरुस्त कधी होणार, हे विचारलेलं त्यांना आवडत नसे. आधी सायन्स समजून घ्यायचं. ते प्रश्न विचारत, पण उत्तर ऐकायला थांबत नसत. तुम्ही तोंड उघडलं की तर्जनी वर करत. वर्गात मी पोरांना गप्प करायला करायचे, अगदी तशी.

मग त्यांनी जर्मन गाडी घेतली. जुनीच, मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याची वापरलेली, पण काळी, लांबलचक आणि आमच्या पार्किंगमध्ये न मावणारी. तिचं मागचं टोक सायकलींच्या जागेत येई, म्हणून सायकली कंपाउंडच्या भिंतीला गेल्या. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक साहेबांनी पाहुण्यांच्या खोलीत टीपॉयवर ठेवलं होतं. ते वाचता वाचता एका थंडीत त्यांना ते बटण सापडलं.

बटण साधं होतं. इंजिन बंद केलं तरी आतलं पाणी बराच वेळ गरम राहतं. हे बटण दाबलं की एक छोटा पंप ते पाणी फिरवत ठेवतो, पंखा चालू राहतो, आणि गाडी बंद असूनही आत काही वेळ ऊब येत राहते. जिथं बर्फ पडतो तिथल्या लोकांसाठी केलेली सोय असणार. आमच्याकडे थंडी जेमतेम दोन महिने पडते. पडते तेव्हा मात्र निफाडकडून असा वारा येतो की सकाळी नळाखाली हात धरवत नाही. त्या दोन महिन्यांसाठी साहेब वर्षभर जगू लागले.

"रेसिड्यूअल हीट," ते म्हणत. शब्द तोंडात गोळीसारखा घोळवत.

रोज सकाळी ते गाडी घेऊन गंगापूर धरणाच्या रस्त्यानं एक फेरी मारून येत. कुठं उतरत नसत, कुणाला भेटत नसत. इंजिन तापावं म्हणून जात. परत आले की पार्किंगमध्ये इंजिन बंद करायचं, बटण दाबायचं, काचा लावून पेपर उघडायचा. मग मोबाइलवर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा: 'बाहेर नऊ. आत चोवीस. इंजिन बंद. सुप्रभात.' ग्रुपवर चार-दोन जण अंगठे दाखवत. ते अंगठे साहेब मनापासून खरे मानत.

जाणाऱ्या-येणाऱ्याला ते आत बोलवत. दूधवाला झाला, इस्त्रीवाला झाला, मीही एकदा सापडले.

"बसा बाई. दार लावा, दार लावा. आता सांगा, इंजिन चालू आहे का?"

"नाही."

"मग ही ऊब कुठून येते?"

"गरम पाण्या..."

तर्जनी वर. "यामागचं सायन्स समजून घ्या." आणि मी पिशवीतली कोथिंबीर मलूल होईपर्यंत ते समजून घेतलं.

पुंडलिकवर मात्र ही वेळ वेगळ्या तऱ्हेनं आली. पुंडलिक आमचा वॉचमन, पेठ तालुक्यातला, अंगानं काटकुळा. थंडीत पहाटे गेटजवळ घमेल्यात चार काटक्या पेटवून बसायचा. साहेबांनी मीटिंगमध्ये विषय काढला: धूर गाडीच्या आत ओढला जातो, सीटला वास लागतो, शिवाय आगीचा धोका. मी आणि आणखी दोघांनी विरोध केला. बाकीचे मोबाइलमध्ये बघत होते. ठराव झाला आणि शेकोटी बंद झाली. त्यानंतर पुंडलिक पहाटे डोक्यावर पोतं घेऊन बसायचा, आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर साहेब काचेआड पेपर वाचायचे.

एकदा साहेबांनी त्याला हात करून बोलावलं. तो धावत गेला. पाच मिनिटांनी परत आला तेव्हा मी गेटाशीच होते.

"काय रे, आत बसवलं का?"

"नाय बाई. मलाबी वाटलं बसवत्यात. तर म्हनले, काचंला हात लावून बघ."

"मग?"

"लावला. गरम व्हती." तो हसला. "लय भारी हाय म्हनलो. नाय म्हनलो असतो तर परत समजावून सांगितलं असतं."

साहेबांच्या बायकोचं नाव मंदा. मंदा सटाण्याकडची, बागलाणातल्या शेतकरी घरातली, आणि माझी मैत्रीण. तिच्या हातांना संधिवात होता. थंडीत बोटं अशी आखडत की सकाळी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायला लागे. तिनं खोलीत ठेवायला एक छोटा हीटर मागितला होता. साहेब म्हणाले, वीज जाळायची गरज काय, गाडीत येऊन बस. म्हणजे सांधे दुखणाऱ्या बाईनं तीन जिने उतरून खाली यायचं, मागच्या सीटवर बसायचं, ऊब संपली की पुन्हा तीन जिने चढायचे. चहा बरोबर आणायचा नाही, काचांवर वाफ धरते. ती दोन-तीनदा गेलीही. नंतर म्हणायची, "मला वर बरं वाटतं." साहेब सगळ्यांना सांगत, "हिला सोय दिली तरी वापरता येत नाही."

आणखी एक गोष्ट होती. मंदाचं माहेर अहिराणी बोलायचं. साहेबांचंही खरं तर तेच. पण घरात ती भाषा बोलायची नाही, असा त्यांचा नियम होता. मंदा बहिणीशी फोनवर बोलायची ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन. तिथं ती मोठ्यानं बोले, मोठ्यानं हसे. वरच्या मजल्यावर मी तिचं हसणं कधी ऐकलं नाही.

नाशिकच्या द्वारका चौकातली गोष्ट त्याच थंडीतली. मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, मंदाला पण शहरात काम होतं, म्हणून साहेबांनी आम्हाला गाडीतून नेलं. येताना संध्याकाळी द्वारकेच्या चौकात गाड्या अशा तुंबल्या की पुढचं काही दिसेना. साहेबांनी लगेच इंजिन बंद केलं. "अशा जाममध्ये इंजिन चालू ठेवतात ते अडाणी," म्हणाले, आणि बटण दाबलं. दोन्ही हात पोटावर ठेवून, डोळे मिटून बसले. ऊब येत होती, नाही म्हणत नाही.

मग पुढच्या गाड्या हलल्या. साहेब गाडी सुरू करायला गेले तर नुसता टक असा आवाज. पुन्हा टक. रोज सकाळी गाडी बंद ठेवून पंखा फिरवल्यानं बॅटरी केव्हाच थकलेली असणार. मागे टेम्पो, ट्रक, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न एकदम सुरू झाले. एक रिक्षावाला उतरून आला आणि काचेवर थापा मारायला लागला. "ओ काका! घ्या ना गाडी पुढं!"

"मी कुणाचा काका नाही," साहेब म्हणाले. काच बंद होती, त्याला काही ऐकू गेलं नाही. काच खाली घ्यायला बॅटरीत जीव नव्हता.

आम्ही दोघी उतरलो. बाजूच्या दुकानांतले हमाल आले, रिक्षावाला आला, आणि सगळ्यांनी मिळून ती काळी गाडी रस्त्याच्या कडेला ढकलली. साहेब आतच बसून होते. "स्टिअरिंगवर कुणीतरी लागतं," असं त्यांनी नंतर सांगितलं. मंदानंही ढकलायला हात लावला होता. ते मी डोळ्यांनी पाहिलं. कडेला लागल्यावर साहेब उतरले, हमालांकडे न बघता बॉनेटकडे बघत म्हणाले, "मंदा, तू मागचा दिवा लावला होतास का?"

"नाही."

"लावला असणार. त्याशिवाय बॅटरी जायची नाही. सायन्स आहे."

नवी बॅटरी बसली. फोटो पुन्हा सुरू झाले.

नांदगावला साहेबांची शाळा होती. ते लहानपणी तिथं मामाकडे शिकायला होते. शाळेनं जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठेवला आणि काही जणांचा सत्कार. त्यात साहेबांचं नाव. महिनाभर आम्हाला दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही पहाटेच निघालो. येताना नस्तनपूरला शनीचं दर्शन घेऊ, असं मंदानं मला सांगितलं होतं, म्हणून मी गेले. मंदानं जांभळी पैठणी नेसली होती. आखडलेल्या बोटांनी निऱ्या जमेनात, त्या मी घालून दिल्या.

शाळा गावाबाहेर, उघड्या माळावर. मैदानात मांडव, मागे चुली पेटलेल्या, वारा असा की मांडवाच्या कनाती फडफडत होत्या. साहेबांनी गाडी मांडवापासून दूर, भिंतीच्या कडेला लावली, इंजिन बंद केलं आणि मागे वळून म्हणाले, "तुम्ही दोघी इथंच बसा. बायकांची आत काही व्यवस्था नाही. मी बटण दाबलंय. अर्ध्या तासात येतो. दार उघडू नका, ऊब जाते. मी बाहेरून लॉक करतोय, दार उघडलंत तर अलार्म वाजेल."

ते गेले. बाहेरून गाडीनं चुक् असा आवाज केला.

सुरुवातीला थोडा वेळ बरं वाटलं. मग पंख्याचा आवाज हळू होत गेला आणि थांबला. आमच्या श्वासांनी काचा धूसर झाल्या. मंदानं पदरानं थोडी काच पुसली आणि आम्ही बाहेर बघत बसलो. मांडवाच्या दाराशी बायका उतरत होत्या. नवऱ्यांबरोबर आलेल्या, एकट्या आलेल्या, माझ्या वयाच्या, तरुण, रेशमी साड्यांतल्या, नऊवारीतल्या. दाराशी दोन मुली प्रत्येकीला अत्तर लावून गुलाबाचं फूल देत होत्या.

"व्यवस्था दिसतेय की," मी म्हणाले.

आतून माइकवर भाषणं सुरू झाली. एक संपलं, दुसरं झालं. माझे पाय बधिर झाले होते. मंदानं हात काखेत घातले होते, आणि तिच्या ओठांचा रंग मला बघवेना.

"मंदा, दार उघडू या. चुलीपाशी जाऊन बसू."

"नको. ते चिडतील."

"चिडू देत."

"चारचौघांत चिडतील, बाई."

आणखी बराच वेळ गेला. माइकवर साहेबांचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या, आणि त्यांचा आवाज यायला लागला. ते आपल्या यशाचं श्रेय कुणाकुणाला देत होते: शाळेला, मामांना, कारखान्याच्या मालकांना, शिस्तीला. मंदा मान तिरकी करून ऐकत होती. भाषण संपलं. टाळ्या झाल्या. तिनं काखेतून हात काढला, बोटं सरळ होईनात, म्हणून मनगटानं दाराची कडी ओढली.

अलार्म असा किंचाळला की मांडवातला माइक गप्प झाला. माणसं बाहेर आली. सगळ्यांत पुढे साहेब, डोक्यावर फेटा, खांद्यावर सत्काराची शाल, हातात नारळ. त्यांनी आधी गाडीचा अलार्म बंद केला. मग दाराकडे बघितलं. मग मंदाकडे.

"दार कुणी उघडलं?"

"मी."

"किती वेळा सांगितलं? दार उघडलं की आतली ऊब जाते."

"ऊब कधीच गेली," मंदा म्हणाली. "आत काही नाही. हात घालून बघा."

आणि त्या माणसानं खरंच आत वाकून पंख्यासमोर हात धरून बघितला! मागे अख्खा मेळावा उभा होता. त्यांच्यातला धोतर नेसलेला एक म्हातारा, साहेबांचा वर्गमित्र असणार, मोठ्यानं म्हणाला, "अरे परभ्या, वहिनींना बाहेर कशाला ठेवलं रे?"

साहेब वळले. चेहऱ्यावर हसू आणून म्हणाले, "त्याचं असं आहे, इंजिन बंद केल्यावर जी उष्णता उरते..."

मंदा गाडीतून उतरली, त्यांच्यापर्यंत चालत गेली आणि त्यांच्या खांद्यावरची शाल ओढून घेतली. शाल सुटताना नारळ पडला. ती तिनं हातांभोवती गुंडाळली आणि मांडवामागच्या चुलींकडे चालायला लागली. मी तिच्या मागोमाग गेले.

चुलींपाशी गावातल्या बायका कणकेच्या बट्ट्या भाजत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. एकीनं पाट सरकवला. "या व माय, बसा अठे."

"मन्हा हात गारठी ग्यात व माय," मंदा म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. साहेब मांडवाच्या कोपऱ्याशी येऊन उभे होते, त्यांनाही. ती आपल्या भाषेत बोलत राहिली, माहेर कुठलं, बहीण कुठं दिली, कांदा यंदा कसा आहे. एका म्हातारीनं तिची बोटं आपल्या हातात घेऊन चोळली. साहेब दोनदा खाकरले. मग आत गेले.

जेवणं झाल्यावर ते गाडीचं दार उघडून उभे राहिले. "बसा. वाद घालायची ही जागा नाही."

"वाद नाही," मंदा म्हणाली. "तुम्ही या गाडीनं. आम्ही रेल्वेनं येतो."

त्यांना वाटलं ती चिडून बोलतेय. आम्ही रिक्षात बसून स्टेशनकडे निघालो तेव्हा ते अजून दार धरून उभे होते. दर्शन राहिलंच.

रेल्वेला गर्दी होती. मनमाडला जागा मिळाली. खिडकीबाहेर द्राक्षांचे मळे जात होते. मंदाच्या मांडीवर ती शाल होती आणि कागदात बांधून दिलेल्या बट्ट्या. लासलगाव गेल्यावर ती म्हणाली, "बाई, इतकी वर्षं मला वाटायचं की मलाच थंडी जास्त वाजते. ते म्हणायचे ना, तुलाच वाजते. मला खरंच वाटायचं."

दुसऱ्या दिवशी ती एकटी जाऊन हीटर घेऊन आली. साहेबांनी विजेवर व्याख्यान दिलं, ते खाली माझ्याकडे ऐकू आलं. हीटर चालूच राहिला. त्याच आठवड्यात तिनं घमेलं आणि लाकडं खाली नेऊन पुंडलिकसमोर ठेवली. ठराव दुसऱ्या कुणी काढून दाखवला नाही. साहेबांनी ग्रुपवर ठरावाचा फोटो टाकला, त्याला एकही अंगठा आला नाही. मंदा सटाण्याला बहिणीकडे जाऊ लागली. आधी दोन दिवस, मग आठवडा, मग गेली की कधी येईल याचा पत्ता नाही.

मी मुलीकडे ठाण्याला कायमची राहायला गेले, त्याआधी मंदा मला भेटून सटाण्याला निघाली. मी तिला सोडायला बसस्टँडवर गेले. तिला पोचवायला साहेबच आले होते. बॅग मोठी होती. त्यांनी ती खिडकीतून आत दिली, मंदानं ओढून घेतली.

"पोचलीस की फोन कर," ते म्हणाले.

"बघू," मंदा म्हणाली, आणि माझा हात हातात घेऊन दाबला. बोटं सैल होती, ऊबदार. शेजारच्या सीटवरच्या बाईशी ती बोलायलाही लागली होती. बस मागे सरली, वळली आणि फाटकातून निघून गेली.

साहेब बराच वेळ फाटकाकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "परत कधी येणार, तुम्हाला काही बोलली का?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि चौकशीच्या खिडकीपाशी गेले. मी माझी पिशवी उचलत होते, तेव्हा त्यांचा आवाज आला. "सटाण्याहून येणारी गाडी किती वाजता असते?"

"दिवसभर असतात," खिडकीतला माणूस म्हणाला. "कोणत्या दिवशीची पाहिजे?"

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी रिक्षाला हात केला.